ऐंशीतून पाचशेत

चांद्रयान-३ चं लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर अलगद उतरलं, तेव्हा त्याच्याकडे डोळे लावून बसलेली माणसं बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रात होती. त्याच वसाहतीत माझ्या बेळगावच्या मावसभावाचं वर्कशॉप आहे. तिथला मिलिंग मशीन चालवणारा संगणक ८० जीबीच्या हार्ड डिस्कवरून ५०० जीबीच्या डिस्कवर उतरवायचा होता. अंतर एका केबलचं, पण दादाच्या चेहऱ्यावर काळजी मात्र चंद्राएवढी. खरं तर त्याला मोठी डिस्क नकोच होती. जुनी कुरकुरायला लागली, आणि एस. पी. रोडच्या संगणक-बाजारात नवी कोरी ८० जीबीची आता कोण ठेवतं?

‘सगळं नव्यानंच टाकू या,’ मी म्हटलं. ‘नको की. आहे तसंच ने बघ.’ बरोबरच होतं त्याचं. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या प्रणालीच्या फाइलीतले बॅकलॅशचे, म्हणजे स्क्रूच्या ढिलाईचे, आकडे त्यानं डायल लावून, स्वतः वाकून काढले होते.

मग डीडी. डिस्कची नक्कल करणारी ही लिनक्सची आज्ञा फाइली ओळखत नाही. पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत सगळं उचलते. पुसलेल्या फाइलींचे अवशेष, कधीच न वापरलेली जागा, सारं सारख्याच आदरानं. रिकामेपण इतक्या निष्ठेनं वाहून नेणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. यूयूआयडी, ही पार्टिशनची १२८ बिटांची ओळखसुद्धा ती जशीच्या तशी उतरवते. म्हणून नक्कल झाली की संगणक सुरू करण्याआधी जुन्या डिस्कची केबल काढायची. नाही तर दोघी शेजारी बसून एकच नाव सांगतात आणि लिनक्स बिचारं गोंधळतं.

संगणक सुरू झाला, आणि पाचशेच्या डिस्कवर ऐंशीतच अंग चोरून बसला. आमची आजी बेळगावातल्या शहापूरच्या एका खोलीतून बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या तीन खोल्यांत आली, तेव्हा तिनं सगळ्यांच्या गाद्या एकाच खोलीत घातल्या होत्या. उगाच दुसरीकडे दिवा कशाला जाळायचा!

मोकळ्या जागेच्या वाटेत स्वॅपचं, म्हणजे मेमरी कमी पडली तर लागणाऱ्या जागेचं, पार्टिशन आडवं पडलेलं. ते काढून शेवटी नवं केलं, जीपार्टेडनं मुख्य पार्टिशन ताणलं. नव्या स्वॅपचा यूयूआयडी वेगळा. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत, तो बदलावा लागतो. जुनाच राहिला, तर संगणक सुरू होताना त्या नसलेल्याची दीड मिनिट वाट बघतो, मग पुढे जातो. जेवायला बसताना आजी उशिरा येणाऱ्या काकासाठी याहून कितीतरी जास्त थांबायची.

दादाचे सगळे प्रोग्रॅम मिळून एका लग्नाच्या व्हिडिओएवढेही भरत नाहीत. उरलेल्या जागेत पुतण्यानं डॉ. राजकुमारचे कन्नड सिनेमे भरले आहेत, आणि दादा म्हणतो, मशीनला त्याचा काही त्रास नाही.