प्रस्ताववीर

वर्षातले दहा-अकरा महिने प्रस्ताववीर हा साधा इंजिनिअर असतो. रोबॉटच्या चाकात अडकलेला केसांचा गुंता काढतो, सैल झालेल्या केबलचा दोष दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये शोधतो आणि साहेबांनी “कुठवर आलं?” असं विचारलं की “सिम्युलेशनमध्ये चालतंय” असं सांगून वेळ मारून नेतो. मग रॉसकॉनसाठी व्याख्यानांचे आणि कार्यशाळांचे प्रस्ताव मागवल्याची घोषणा होते आणि त्याच्या अंगात येतं. रॉसकॉन म्हणजे ‘रॉस’ ऊर्फ रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आणि वापरणाऱ्यांचा जागतिक मेळावा. पहिला 2012 साली अमेरिकेतल्या सेंट पॉलला भरला. मग श्टुटगार्ट, शिकागो, हॅम्बुर्ग, सेऊल, व्हँकुव्हर, माद्रिद, मकाऊ. साथीच्या दोन वर्षांत पडद्यावर. पुढे क्योटो, न्यू ऑर्लिन्स आणि 2024 साली डेन्मार्कमधलं ओडेन्से. प्रस्ताववीराला ही यादी तोंडपाठ असते, आणि यातल्या कोणकोणत्या गावाने आपल्याला नाकारलं हेही.

प्रस्ताव लिहिताना त्याची भाषा बदलते. ज्याला काल प्रयोगशाळेत “ते डबडं” म्हणत होता, तो आज ‘स्वायत्त रोबॉटांचा ताफा’ होतो. ताफ्यात दोन रोबॉट असतात आणि त्यांतला एक दुसऱ्याला सुटे भाग पुरवण्यासाठी उघडून ठेवलेला असतो. ‘प्रत्यक्ष वापरात तावून सुलाखून निघालेलं’ असं जे तंत्र तो सांगतो, ते रविवारी, कॉरिडॉरमधून कोणी चालत नसताना, दोन्ही दारं लावून तावलेलं असतं. कोड कुठे आहे, या प्रश्नापुढे ‘लवकरच खुला करत आहोत’ असं लिहिताना मात्र त्याचा हात किंचित थांबतो. हा थांबलेला हात मला महत्त्वाचा वाटतो. प्रस्ताववीराला खुशाल हसावं, पण भोंदू म्हणून निकालात काढू नये. कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या या कारभारात कामं कागदावर आणून घेणारी शक्ती म्हणून त्याच्या हावेइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

परवान्यांकडे पाहिलं की हे लक्षात येतं. रॉसची मुळं स्टॅनफर्ड विद्यापीठात. ते वाढलं कॅलिफोर्नियातल्या विलो गॅरेज या प्रयोगशाळेत, तिथल्या पीआर2 नावाच्या दोन हातांच्या रोबॉटवर. बराचसा कोड बीएसडी परवान्याखाली वाटला गेला; पुढे रॉस 2 ही त्याची नवी पिढी मुख्यतः अपाची 2.0 परवान्याखाली आली. दोन्ही परवाने दिलदार आहेत. घ्या, बदला, आपल्या यंत्रात घालून विका. मूळ हक्काची नोंद तेवढी ठेवा. परत काही देण्याची सक्ती नाही. म्हणजे एखाद्या कंपनीने गोदामातल्या गाड्यांवर हे सॉफ्टवेअर चालवलं, त्यातली खोल दडलेली चूक शोधली, दुरुस्तही केली आणि सगळं स्वतःच्या कपाटात ठेवलं, तर कायदा तिला काही विचारणार नाही. ती दुरुस्ती बाहेर येते ती बहुतेकदा त्या कंपनीतल्या कोणा प्रस्ताववीराला व्यासपीठ हवं असतं म्हणून. प्रस्तावाचं वजन करताना रॉसकॉनची समिती कोड खुला आहे का हे पाहते. ‘लवकरच’ हा शब्द प्रस्ताव मंजूर झाल्यावर त्याच्या मानगुटीवर बसतो. मग विधी विभागात फाइल फिरते, टेस्ट लिहिल्या जातात, एका ओळीची रीडमी वाचण्याजोगी होते. दस्तऐवज लिहायला कोणाचंच मन होत नाही. भरल्या सभागृहात फजिती होण्याचं भय मात्र सर्वांना असतं.

यावर पहिला आक्षेप असा की हा माणूस फुगवून सांगतो. सांगतोच. पण तो कोणासमोर सांगतो? ज्याच्या पॅकेजला तो ‘अपुरं’ म्हणणार, ते पॅकेज लिहिणारी बाई तिसऱ्या रांगेत बसलेली असते आणि प्रश्नोत्तरांचा माइक तिच्यापासून दोन हातांवर असतो. रोबॉटिक्समध्ये एक शिष्टाचारही आहे: व्हिडिओ वेगाने पळवला असेल, तर कोपऱ्यात तसं लिहायचं. रोबॉट झपाट्याने कप उचलतो, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आठपट वेग’ लिहिलेलं असतं, आणि सभागृह मनातल्या मनात भागाकार करतं. फुगवलेल्या दाव्यालाही स्वतःची टाचणी बरोबर बाळगायला लावणारी व्यासपीठं फार नसतात. एका जातीच्या प्रस्तावाची बाजू मात्र मी घेणार नाही. ज्याच्या शेवटी कोडऐवजी ‘आमच्या विक्री विभागाशी संपर्क साधा’ असं येतं, तो नाकारला गेला तर काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा. दरवर्षी तेच! रॉस 2 ची पहिली आवृत्ती डिसेंबर 2017 मध्ये आली आणि रॉस 1 ची अखेरची आवृत्ती, नोएटिक, 2020 पासून मे 2025 पर्यंत सांभाळली गेली. एवढी वर्षं ‘रॉस 1 वरून रॉस 2 कडे: आमचा प्रवास’ या विषयाने प्रस्ताववीरांना पोसलं. प्रत्येकाचा प्रवास वेगळा, खड्डे तेच. पण खड्डे तेच असणं हाच तर पुरावा आहे. एकाने तक्रार केली तर म्हणता येतं, याला येत नाही. पाच ठिकाणचे पाच जण एकाच वळणावर आपटले, तर रस्ता बांधणाऱ्याला खाली वाकून पाहावं लागतं.

कार्यशाळेचा प्रस्ताववीर मात्र खास जातीचा. व्याख्यान देणारा फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर भरवसा ठेवतो, हा इतर चाळीस जणांच्या लॅपटॉपवर. ‘पूर्वतयारी: काही नाही’ असं तो लिहितो आणि लोक ते शब्दशः घेतात. एकाकडे उबुंटू 22.04 आणि त्यावर रॉस 2 ची हम्बल आवृत्ती असते, दुसऱ्याकडे 24.04 आणि जॅझी आवृत्ती. तिसरा ऑफिसचा विंडोज लॅपटॉप घेऊन येतो आणि त्याचा पासवर्ड आयटी विभागाकडे असतो. डॉकरची कित्येक जीबींची प्रतिमा चाळीस जण एकदम हॉटेलच्या वायफायवरून ओढू लागले की वायफाय प्राण सोडतो आणि पेन ड्राइव्ह हातोहात फिरू लागतात. शिवमंदिरात गाभाऱ्याआधी कासव लागतं, तसं रॉसमध्ये नवशिक्याला आधी टर्टलसिम या सरावाच्या प्रोग्रॅममधलं कासव भेटतं. ते कीबोर्डवरून पडद्यावर फिरवायचं. रॉस 2 चे प्रोग्रॅम एकाच नेटवर्कवर एकमेकांना आपोआप शोधतात आणि डोमेन क्रमांक कोणी बदलला नाही तर तो सगळ्यांचा शून्यच असतो. नेटवर्कने आडकाठी केली नाही, तर शेजारच्याने बाण दाबला की तुमचं कासव वळतं. अर्धा वेळ असा जातो. आक्षेपक म्हणतील, हे कसलं शिक्षण? मी म्हणेन, इन्स्टॉल करण्याच्या सूचना बरोबर आहेत का, याची इतकी निर्दय परीक्षा दुसरीकडे होत नाही. स्वतःच्या मशीनवर तीन वर्षं बिनतक्रार चाललेली सूचना इथे पाच मिनिटांत उताणी पडते आणि बहुधा त्याच रात्री दुरुस्त होते.

“तो फुकट परदेशवारीसाठी करतो,” असंही म्हणतात. व्याख्यान मंजूर झालं तरच कंपनी तिकीट काढते, हे बहुतेक ठिकाणी खरंच आहे. पुण्यात बसून शेंगेन व्हिसाची कागदपत्रं जुळवणाऱ्याला ते सांगायला नको. पण फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरवर धंदा करणाऱ्या कंपनीने परतफेड म्हणून निदान एक विमानाचं तिकीट आणि चार रात्रींचं हॉटेल दिलं, तर त्यात रडण्यासारखं काय आहे?

राहता राहिला तो आक्षेप जो ऐकायला सर्वांत उदात्त वाटतो: खरं काम करणारे गप्प असतात, बोलके पुढे जातात. यात तथ्य आहे, पण दोष बोलक्यांचा नाही. प्रस्ताव मागवतानाच आयोजक बजावतात की जे सुचवलंच गेलं नाही ते कार्यक्रमात ठेवता येत नाही. समिती आलेल्या ढिगातून औचित्य, उपयोग आणि समतोल पाहून निवडते. जो अर्ज आलाच नाही त्याचा समतोल ती कशाशी साधणार? कार्यक्रमपत्रिका पाहून “हे तर आम्ही दोन वर्षांपूर्वीच केलं होतं” असं पुटपुटणारे तज्ज्ञ प्रत्येक प्रयोगशाळेत असतात. केलं असेलच. पण त्यांचं काम त्यांच्या हार्ड डिस्कवर आहे आणि प्रस्ताववीराचं अर्धंमुर्धं काम रेकॉर्डिंगच्या रूपाने सर्वांना फुकट पाहता येतं. तेव्हा आपल्याकडच्या गप्प मंडळींना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाबद्दलची तक्रार आत्ताच तयार असेल, तर तीच प्रस्ताव म्हणून पाठवा. फक्त मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका, कारण त्या रात्री सगळे प्रस्ताववीर जागे असतात.