कनकी धरून

आमच्या गोंदियातल्या गल्लीत दहावीच्या पोरांची भूमिती अडली, की पावलं मुनीमजींच्या ओसरीकडे वळतात. एका राइस मिलच्या वह्या लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. आता फी नाही, वेळापत्रक नाही, पोरगं दप्तर घेऊन आलं की ते चष्मा पुसतात आणि विचारतात, "उत्तर किती हाय?"

उदाहरण नंतर. आधी उत्तरसूची. पक्ष, साध्य, सिद्धता या तिघांपैकी साध्यावर त्यांचा जीव. सिद्धता काय, करता येते.

ही खोड मिलचीच. सरकारी धानाची भरडाई केली, की क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा, उसना असेल तर 68. धान ओलं असो की पोचट, आकडा ठरलेला. मग तूस, कोंडा आणि कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, यांची अशी मांडणी करायची, की वही शेवटी 67 वरच येऊन थांबली पाहिजे. मुनीमजींची वही कधी अडली नाही. पायथागोरस त्यांना काय अडवणार?

भौतिकशास्त्रात तर त्यांना रानच मोकळं. गुरुत्वत्वरण कुठे 9.8 धरतात, कुठे 10. "हा काय धानाचा हमीभाव हाय का, एकच राहाले?" असं म्हणून उत्तराला जो सोयीचा, तो भाव ते लावतात.

एकदा माझी मुलगी शिडीचं उदाहरण घेऊन गेली. शिडी 13 मीटर, तिचं टोक भिंतीच्या माथ्याला, पायथा भिंतीपासून 5 मीटरवर. भिंत किती उंच?

"उत्तर?"

"18, आबाजी."

मुनीमजींनी 169 मधून 25 वजा केले, 144 चं वर्गमूळ काढलं. आले 12. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, सुपारी कातरली, रस्त्यावरून गेलेल्या बैलाकडे बघितलं. सहा मीटर कमी पडत होते. मिलमध्ये एवढी तूट आली असती तर शेठनी नोकरीवरून काढलं असतं.

"भिंत जमिनीतून उगवते का वो पोरी?" ते एकदम म्हणाले. "पाया नसते का तिले? 12 वर, 6 खाली. लिही, 18!"

पोरीने लिहिलं. मग सूचीवरून बोट फिरवताना जीभ चावून म्हणाली, "आबाजी, मी खालच्या उदाहरणाचं उत्तर सांगितलं. याचं 12च आहे."

मुनीमजींच्या कपाळावर आठी नाही. "मंग पाया खोडून टाक."

तेव्हापासून पोरीने हट्ट धरला, की आबाजींनी उत्तर न बघता गणित सोडवायचं. पुढच्याच आठवड्यात तशी वेळ आली. विहिरीत सोडलेला दगड 2 सेकंदांत पाण्याला लागतो. पाणी किती खोलीवर? विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर उदाहरणाखालीच छापलेलं असतं. पोरीने त्यावर तळहात ठेवला.

मुनीमजी त्या तळहाताकडे बघतच राहिले. वहीच्या कोपऱ्यात बारीक आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. चहा निवला. कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस शेवटचा आकडा माहीत नसताना हिशेब करत होता. अखेर अगदी हळू आवाजात म्हणाले, "20 मीटर. पाह्य बरं, जुळते का?"

पोरीने हात जरासा उचलून खाली डोकावलं आणि पुस्तक मिटलं.

"जुळलं, आबाजी!"

मुनीमजींनी त्या रात्री गल्लीत सगळ्यांना सुपारी वाटली.

झोपण्याआधी मी सहज पुस्तक उघडून बघितलं. उत्तर होतं 19.6 मीटर. मी पोरीला हाक मारली. तिने अंथरुणातूनच उत्तर दिलं,

"40 सेंटिमीटर कनकीत गेले, बाबा."