उजवीकडची खिडकी

अचलपुरात बिलनपुऱ्यापासून देवडीपर्यंत कोणत्याही पानठेल्यावर घटकाभर उभे राहा, एखादे तरी भाऊसाहेब भेटतातच. संत्र्याचा बगीचा, परतवाडा रोडवरचा प्लॉट विकून बँकेत पडलेली रक्कम, पोरगं पुण्यात आयटीत, आणि डोक्यात आल्प्स. ज्यांच्याजवळ पैसा नाही ते 'जाऊ कधीतरी' म्हणून मोकळे होतात. भाऊसाहेबांजवळ पैसा आहे. तरी ते जात नाहीत, कारण गेलं की आखणी संपते, आणि मग संध्याकाळी ओसरीवर बसून करायचं काय?

जानेवारीत संत्र्याला आंबिया बहार फुटला की आखणीलाही पालवी फुटते. अडत्यानं दिवाळीला दिलेली जाड डायरी निघते. ग्रुप टूरचं नाव मात्र काढायचं नाही. "पन्नास माणसं, एक बस, आन् सकाळी सहाले पोहे! पोहे खायाले स्वित्झर्लंडले कायले जावं, राजेहो?" जायचं तर थाटात. खोलीच्या खिडकीतून मॅटरहॉर्न दिसला पाहिजे, तोही पलंगावर पडल्या पडल्या. त्याची उंची ४,४७८ मीटर. हा आकडा भाऊसाहेबांना स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरापेक्षा पक्का पाठ आहे.

त्यांचा खरा थाट हॉटेल नाकारण्यात दिसतो. सेंट मॉरिट्झचं जगप्रसिद्ध पॅलेस हॉटेल १८९६ साली उघडलं हे वाचल्याबरोबर त्यांनी त्यावर काट मारली. "सव्वाशे वर्षांची इमारत! आपल्या वाड्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली, ते काय धड असंन?" झेरमाट मात्र मनात भरलं आहे. त्या गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालत नाहीत. टेश नावाच्या गावी मोटार ठेवायची, तिथून रेल्वेनं वर जायचं, आणि गावात बॅटरीवरच्या छोट्या गाड्या. परतवाड्याच्या बाजारात बैलगाडी, ऑटो आणि सागवानाचा ट्रक यांच्यामध्ये अडकले की भाऊसाहेब खिडकीची काच खाली करून सगळ्यांना झेरमाट समजावून सांगतात. ट्रकवाला हॉर्न वाजवतो.

झेरमाटहून सेंट मॉरिट्झला ग्लेशियर एक्सप्रेस. २९१ पूल, ९१ बोगदे, आणि वेळ आठ तास. एक्सलन्स क्लासमध्ये प्रत्येकाला खिडकी मिळते. हे वर्णन एकदा त्यांनी वडिलांसमोर केलं. आबाजींनी तंबाखू मळता मळता विचारलं, "आंतर किती?"

"तीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर."

"आन् आठ घंटे? आन् एवढे पैसे? अरे, आपली शकुंतला गाडी अचलपुराहून मूर्तिजापूरले चार घंट्यात नेत होती. शहात्तर किलोमीटर. खिडकी सगळ्यायले होती, आन् शेंगा घ्याले उतरता बी येत होतं."

यावर भाऊसाहेबांजवळ उत्तर नव्हतं. ग्लेशियर एक्सप्रेस हळू चालण्यासाठीच नावाजलेली आहे आणि तिचेही रूळ अरुंदच आहेत, हे त्यांनी वडिलांना सांगितलं नाही, एवढं बरं. शकुंतला आता बंद पडली आहे. नाहीतर म्हाताऱ्यानं एक्सलन्स क्लासचे पैसे वाचवून दाखवले असते.

मार्चमध्ये व्हिसाचा अध्याय लागतो. शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, बँकेचे उतारे लागतात, आयकराची विवरणपत्रं लागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही या गोष्टीचा जन्मभर झालेला आनंद इथं येऊन ठेचकाळतो. आता कमाई दाखवायची कशी? "बगीचा दाखवू का त्यायले?" असं त्यांनी एजंटाला विचारलं होतं म्हणे. मग चिंता खाण्याची. ठेचा, सांडगे, मूगवड्या ठीक; पण मोथा गावचा खवा तिकडच्या हॉटेल मालकाला भेट द्यायचा बेत होता, आणि भारतातून दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत असं कळलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. ऑगस्टात फळगळ लागते आणि डायरी मिटते. अशानं एक आख्खा पासपोर्ट दहा वर्षं पुरी करून कोराच संपला. पोलीस तपासणीला आलेले जमादार दुसऱ्या पासपोर्टच्या वेळी चहा पिऊन म्हणाले, "साहेब, यंदा तरी जा."

कुणी चिखलदऱ्याला विदर्भाचं स्वित्झर्लंड म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. १,११८ मीटर कुठे आणि युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटर कुठे! तरी पावसाळ्यात घरच्यांच्या आग्रहाखातर जातात. भीमकुंडाजवळ धुक्यात उभं राहून, कणीस खात, ही धुक्याची जात आल्प्सच्या धुक्यापेक्षा कशी हलकी आहे ते सांगतात.

मात्र त्यांची खरी दहशत जाऊन आलेल्यांना. गावातला कुणी युरोप करून आला की चार दिवस भाऊसाहेबांच्या ओसरीसमोरून जात नाही. सापडलाच तर उलटतपासणी होते. "गोर्नरग्राटच्या गाडीत चढतानी कोणत्या अंगाले बसले होते?" तो बिचारा आठवू लागतो. "डावीकडे? मंग काय पाह्यलं तुमी! मॅटरहॉर्न उजवीकडून दिसते. १८९८ पासून ते गाडी चालू हाय, आजवर डोंगर जागचा हालला नाही." पाव्हणा दोन-तीन लाख घालून डोंगराच्या उलट्या बाजूला बसून आल्यासारखा घरी जातो.

यंदा मे महिन्यात मात्र वहिनींनी कमाल केली. भिशीच्या बायकांबरोबर ग्रुप टूरमध्ये नाव घालून त्या सरळ निघून गेल्या. पन्नास माणसं, बस, सगळं काही. भाऊसाहेब गेले नाहीत. "मी असा नाही जात," म्हणाले.

दुपारी साडेतीनला ते बनियनवर कूलरच्या टाकीत पाणी ओतत होते, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. तिकडे बाराच वाजले होते. वहिनी युंगफ्राउयोखवर, कानाला मफलर, मागे सगळं पांढरं. भाऊसाहेबांनी पाइप सोडून दिला. "अवं, बर्फाच्या महालात मंग जा. पह्यले लिफ्टनं वर स्फिंक्सवर चला, ढग याच्या आंधी. तिथून 'आलेच' नावाची हिमनदी दिसते, वीस किलोमीटरच्या वर लांब हाय. आन् जेवाले हिंदी हॉटेल हाय तिथीच, नाव बॉलिवूड." फोन स्पीकरवर होता. साऱ्या बायका टूर मॅनेजरला सोडून फोनमागे लिफ्टकडे निघाल्या. इकडे टाकी भरून पाणी ओसरीवर वाहत होतं.

मॅनेजर पोरगा धापा टाकत मागून आला आणि फोनमध्ये डोकावला. "मावशी, हे सर किती वेळा येऊन गेलेत इथं?"

"दरवर्षी येतात," वहिनी म्हणाल्या.