करदाते काकांना उपयोगिता प्रमाणपत्र

प्रति,
मा. करदाते काका,
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहाचे स्वयंघोषित महालेखापाल,
पुणे.

विषय : फेलोशिपच्या पहिल्या हप्त्यातून केलेल्या चैनीचा तपशील सादर करणेबाबत.
संदर्भ : जिन्यात माझ्या हातातल्या पिशव्यांकडे पाहून आपण काढलेले ‘चाललंय आमच्या टॅक्सवर!’ हे उद्गार.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मला जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली असून पहिला हप्ता खात्यावर जमा झाला आहे. जॉइनिंग रिपोर्ट, हमीपत्र, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, आणि मधल्या काळात फॉर्म बदलल्यामुळे पुन्हा गाइडची सही, एवढी प्रदक्षिणा घालून तो आला. आपल्या टॅक्सचा पैसा सहजासहजी कुणाच्या हाती लागत नाही, याबद्दल आपण निश्चिंत असावे.

रक्कम आपल्याला ठाऊक आहेच, पण नोंदीसाठी पुन्हा देते. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला दरमहा 37,000 रुपये. दोन वर्षांनी काम समाधानकारक ठरलं तर एसआरएफ, म्हणजे 42,000. वसतिगृहात जागा नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. यावर आयकर नाही, हे आपण समूहावर ठळक अक्षरांत कळवलंच आहे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि दुसरी पगारी नोकरी करायची मुभा नाही, हे कळवायचं आपल्याकडून राहिलं असावं. परवा बँकेत क्रेडिट कार्डाची चौकशी केली, तर त्यांनी सॅलरी स्लिप मागितली. म्हणजे बँकेच्या लेखी मी बेरोजगार आणि आपल्या लेखी सरकारचा जावई. सुनेला एवढं कोण देतं?

आता खर्चाचा तपशील.

बाब पहिली : दोन लिटरचा प्रेशर कुकर. आजवर माझ्या आमटीत किती पाणी असावं हे मेसच्या मावशी ठरवत आल्या. हा अधिकार मी स्वतःकडे घेतला आहे.

बाब दुसरी : एलईडी टेबल लॅम्प. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात राज्य शासनाच्या ‘सारथी’ संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न विचारला गेला होता. शासनाचा प्रश्न अनुत्तरित ठेवणं बरं दिसत नाही. तूर्तास हा एक लावला आहे.

बाब तिसरी : कोल्हापुरी चपलांचा जोड. जुन्या जोडाचा अंगठा इतक्या वेळा शिवला होता, की मूळ चामडं किती उरलं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला असता.

बाब चौथी : एक कोरं पुस्तक. माझी आजवरची ग्रंथसंपदा स्पायरल बाइंडिंगमधली. या खेपेस अप्पा बळवंत चौकात गेले, पुस्तक उचललं, मागची किंमत पाहिली आणि ते परत ठेवलं नाही. एवढंच केलं, पण काका, असला उन्माद मला नेटचा निकाल पाहतानाही आला नव्हता.

बाब पाचवी : घरी फोन करून वडिलांना ‘आता पैसे पाठवू नका’ असं सांगितलं. हिची पावती जोडता येत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यास मान्य आहे.

आपल्या मनातला खरा विद्यार्थी मी ओळखून आहे. तो वार लावून जेवतो, माधुकरी मागतो, नगरपालिकेच्या खांबाखाली वाचतो आणि मोठा झाल्यावर त्याच हलाखीवर सुंदर आठवणी लिहितो. त्याच्या हलाखीचं आपल्याला कौतुक, कारण तिच्यासाठी कुणाला टॅक्स भरावा लागला नाही. पण आपल्याकडे दुसरीही परंपरा आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंडांची. परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याची अट होती. त्या तुटपुंज्या पैशातून पोटाला चिमटा घेत बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे 2,000 जुनी पुस्तकं जमवली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. मी कुठे आणि ते कुठे! पण बडोद्याच्या करदात्यांच्या पैशातून परदेशात घेतलेली ती जुनी पुस्तकं आपण कोणत्या शीर्षाखाली टाकली असती? ‘अनावश्यक’?

‘विषय तरी काय, तर म्हणे कालवा!’ असंही आपण म्हणालात. होय, नीरा डावा कालवा. 1876-78 च्या दुष्काळाच्या काळात, पुन्हा पीक बुडू नये म्हणून हाती घेतलेल्या या कालव्याच्या पाण्यावर पुढे ज्वारीऐवजी ऊस डोलू लागला. ते पाणी उसाकडे कुणी, कसं वळवलं, हे मी जुन्या दप्तरांत शोधते आहे. आपल्या चहातल्या साखरेचा हा पूर्वेतिहास असल्याने आपण लाभार्थी क्रमांक एक ठरता.

लाभार्थ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपण शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात नाममात्र फीवर शिकलात, गृहकर्जाच्या व्याजावर वजावट घेतलीत. मार्च 2020 मध्ये रेल्वेची ज्येष्ठांची 40 टक्के सवलत बंद झाली, तिचा शोक आपण अजून दर दिवाळीत, सुट्टीची तिकिटं काढताना पाळता. यातल्या कशाचंही उपयोगिता प्रमाणपत्र मी मागितलेलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतं.

शिवाय कुकर आणि दिव्याच्या बिलांवर सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी आहेत. अर्धा कर दिल्लीला पोचला, अर्धा मुंबईला. तेव्हा यापुढे ‘आमच्या टॅक्सवर’ म्हणताना त्या ‘आमच्या’त मलाही धरावं. पुस्तकावर जीएसटी नसतो. तेवढ्यापुरतं मी राष्ट्राला खड्ड्यात घातलं, हे कबूल.

सबब प्रमाणित करण्यात येते की, उपरोक्त रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी खर्ची पडली आहे. ते कारण असं : माणसाला काही वर्षं एका प्रश्नामागे लागायचं असेल, तर महिनाअखेरीस कुणापुढे हात पसरावा लागू नये.

आपली नम्र,
सहकरदाती,
तिसरा मजला

ता. क. : पुढील महिन्यात कापसाची गादी घेण्याचं योजलं आहे. लिफ्ट बंद आहे आणि गादीचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल. फेलोशिपला करदात्यांचा प्रत्यक्ष हातभार लागण्याची ही संधी आपण दवडणार नाही, अशी आशा आहे.