मना मशीनवर तं चालस!

धुळ्यात चालणारा प्रोजेक्ट पारोळा, एरंडोल ओलांडून जळगावला आला की बिल्डच होत नाही. या महामार्गाने माणसांची हाडं खिळखिळी केली आहेत हे मान्य, पण सोर्स कोडला काय व्हावं?

काही झालेलं नसतं. फाइलच्या नावात पहिलं अक्षर स्मॉल, इनक्लूड करताना तेच कॅपिटल. विंडोज ते पोटात घालतं. लिनक्स म्हणजे तलाठी. नाव काना-मात्रेसकट जुळलं नाही तर अशी फाइलच नाही!

दुसरा घोळ वयाने मोठा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं, टर्बो सी++ सुद्धा त्याच सालचं. विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं. काही लॅबमधला निळा पडदा मात्र ढिम्म. तिथे 'कॉनिओ डॉट एच' घोकलेला पोरगा लिनक्सवर जीसीसीसमोर बसला की दुसऱ्याच ओळीला आडवा. तीही ओळ काढली, बिल्ड झालं, तर उत्तर वेगळं: टर्बोचा इंट सोळा बिटांचा, ३२,७६७ नंतर थेट उणे, जीसीसीचा बत्तीस बिटांचा.

मग उपाय सुरू. अँटिव्हायरस बंद कर, विंडोज नवं टाक. शेवटी मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर सीपीयू घेऊन परीक्षेला जायचं. म्हणजे गुण प्रोजेक्टला की कॅबिनेटला?

काही एरर खरोखर लहरी असतात, पण तेही पकडता येतात. तोच कोड त्याच मशीनवर पुन्हा पुन्हा बिल्ड करा. दर वेळी तीच ओळ अडली, तर बहुधा दोष कोडचा किंवा सेटिंगचा. जागा बदलत राहिली तर एका वेळी एकच फाइल कंपाइल करून बघा. त्याने भागलं तर कोणती फाइल कोणाआधी, हे मेकफाइलमध्ये सांगायचं राहिलंय. तरीही कंपायलरच मधेच कोसळतो? रॅम तपासा, पंख्यातली धूळ झाडा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा बंद खोलीतल्या प्रोसेसरकडून शिस्तीची अपेक्षा कशाला?

परीक्षकांना एकच विनंती. पोराच्या मशीनवरचा डेमो बघू नका. लॅबमधला कोरा पीसी द्या, कंपायलर आणि लायब्ररींच्या आवृत्त्या लिहिलेला कागद मागा आणि त्यावरून समोर बिल्ड करायला लावा. कागद नसेल तर गुण कापा.