मटकीला आदेश मिळाला नव्हता

तिसरीच्या वर्गात परवा ‘बी कसं रुजतं’ हा उपक्रम झाला. मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधायची आणि मोड कधी येतात ते बघायचं. पण फोटो दुपारी दोनच्या आत शाळेच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकायचा होता, आणि तसा आदेश काही मटकीला मिळाला नव्हता. शेवटी एका आईने उसळीसाठी ठेवलेली मोडाची मटकी धावत आणून दिली. पोरांनी ती ओंजळीत धरून चेहऱ्यावर कुतूहल आणलं (दोनदा, पहिल्या फोटोत फलकावरची तारीख आली नव्हती), आणि विज्ञान पार पडलं.

मटकीचं जे झालं, तेच वाचनाचं. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ साली सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आकडेमोड यावी, हे उद्दिष्ट. त्याला कोण नाही म्हणेल? फक्त ते साध्य होतंय हे ऑनलाइन लिंकमध्ये भरता भरता वर्गाच्या बाईंचा तास संपतो. त्या रेंज शोधत पटांगणात उभ्या असतात, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला जोडाक्षरं फोडून वाचायला शिकवते. लिंकमध्ये त्याला रकाना नाही.