आनंद, दर शनिवारी

आनंदालाही वार असतो, हे आपल्याला 2024 साली कळलं. शिक्षण खात्याने त्या वर्षी राज्यभर पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. उपक्रमाशी भांडण नाही. सोमवार ते शुक्रवारचं काय ठरलंय, एवढंच विचारायचं होतं.

वाशीम जिल्ह्यातली कुठलीही जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे आणा. लेकरं गोलात उभी. गुरुजींच्या एका हातात शिट्टी, दुसऱ्यात मोबाइल. "हसा रे, फोटो काढतो!" फोटो ग्रुपवर पडतो, वरून एक अंगठा येतो, आनंद झाला. मग मागचा एखादा पोट्टा हळूच विचारतो, "सर, हे झालं असन तं खेळाले जाऊ काय?"

गुरुजींना बोल लावत नाही. खिचडीचा हिशेब, मतदारयादी, ऑनलाइन माहिती यांतून त्यांनाच मधली सुट्टी मिळत नाही.

वाशीम 2018 पासून आकांक्षित जिल्हा. नीती आयोग अशा जिल्ह्यांना 49 निकषांवर मोजतो. त्यात भाषा-गणित आहे, मुलींची स्वच्छतागृहं, पाणी, वीज, वेळेवर पुस्तकं आहेत. सगळं हवंच. खेळाचा रकाना तेवढा नाही, आणि रकाना नाही त्याला तास कुठला?

कायद्यात मात्र खेळ आहे बरं का! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य बंधनकारक केलं. साहित्य येतं, कपाटात जातं, नवंकोरं राहतं. चेंडू फुटला तर उत्तर कोण देणार? शाळेतल्या वस्तू ज्या रजिस्टरात चढतात त्याला डेडस्टॉक म्हणतात. नाव ठेवणारा द्रष्टाच म्हणायचा.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक काही वर्षं आपल्या शेजारच्या अमरावतीत होत्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला. माँटेसरीचं महागडं साहित्य खेड्याला परवडेना, तेव्हा त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले वर्गात आणले. यातल्या कशाचीही डेडस्टॉकात नोंद करावी लागत नाही.

शिंपले आपल्याकडे नाहीत, पण काळी माती गावभर आहे. पोळ्याला तिचेच बैल होतात. तेव्हा गुरुजी, यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्गात गारा येऊ द्या. एखाद्या बैलाला पाच पाय फुटले तर फुटू द्या. आणि तेवढा एक दिवस फोटो काढू नका.